पदवीच्या फीवर अठरा टक्के जीएसटी

मुलाच्या कॉलेजच्या फीची पावती हातात आली की तिच्यावर जीएसटी लावलाय का, ते आधी बघा. कायद्याने मान्य असलेल्या पदवीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या शिक्षणशुल्काला जीएसटी माफ असतो. खाजगी क्लास आणि प्रशिक्षण केंद्रं यांना तो लागतो, आणि तो १८ टक्के आहे. माझ्या भाच्याला 'बी.एस्सी. डेटा सायन्स'च्या नावाखाली जी पावती दिली गेली, तिच्यावर हा कर स्पष्ट छापलेला होता. ती पावती मुलाच्या मेलमध्ये वर्षभराहून जास्त काळ पडून होती.

मी नाशिकच्या सातपूरमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. दादाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. भाचा बारावी सायन्स, गणितात चांगला, लहानपणापासून कॉम्प्युटरची ओढ. मे २०२४ मध्ये बारावीचा निकाल लागला. त्याला बीसीए करायचं होतं, पण त्याच वर्षापासून बीसीए-बीबीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या, कक्षेत गेले आणि आपल्या राज्यात त्यांच्यासाठी पहिल्यांदाच सीईटी लागू झाली. शहरातल्या कॉलेजांतल्या मुलांना हे वेळेवर कळलं. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांचे फॉर्म राहून गेले, त्यात हाही. निकालानंतर आठवडाभरात दादाच्या फोनवर कॉल सुरू झाले. मुलाचं नाव, टक्के, शाखा, सगळं पलीकडच्या माणसाला आधीच माहीत होतं. "सीईटी राहिली तरी काळजी नको. डेटा सायन्सला सीईटी लागत नाही, आणि स्कोपही बीसीएपेक्षा जास्त."

यातलं सीईटी लागत नाही हे वाक्य खरं आहे. बी.एस्सी.ला ती सीईटी लागत नाही आणि बी.एस्सी. डेटा सायन्स हा अभ्यासक्रम विद्यापीठांमध्ये खरोखर चालतो. म्हणून तर माणूस फसतो. या लोकांच्या बोलण्यातला खोटा भाग अगदी थोडा असतो, बाकी सगळं पडताळून पाहिलं तरी खरंच निघतं.

गंगापूर रोडला एका कॉम्प्लेक्समध्ये वरच्या मजल्यावर फोन करणाऱ्या त्या अकॅडमीचं ऑफिस होतं. काचेचं दार, एसी, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. ती मी नंतर जाऊन वाचली. एक आयएसओ ९००१ चं होतं, म्हणजे कामकाजाच्या पद्धतीचं. शिक्षणाच्या मान्यतेशी त्याचा काही संबंध नसतो. दुसरं उद्यम नोंदणीचं, जे कुठल्याही लहान धंद्याला आधार आणि पॅनवर ऑनलाइन मिळतं. आणि मधोमध मोठ्या अक्षरांत 'यूजीसी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी'. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. दादाने विचारलं होतं, डिग्री कुणाची मिळणार? त्याला परराज्यातल्या एका खाजगी विद्यापीठाचं नाव सांगितलं, मोबाईलवर यूजीसीची वेबसाइट उघडून यादीतलं नावही दाखवलं. ते विद्यापीठ खरं आहे. दादा शेतकरी माणूस, पण त्याने नेमका प्रश्न विचारला होता आणि त्याला पुरावा दाखवला गेला होता. "त्याने चौकशी केली नाही" असं आमच्याच नातेवाइकांपैकी कुणी म्हणतं तेव्हा मला फार राग येतो.

लपवलेली गोष्ट अशी. परराज्यातलं खाजगी विद्यापीठ नाशिकमधल्या एखाद्या अकॅडमीला आपली पदवी चालवायला देऊच शकत नाही. ज्या राज्याच्या कायद्याने ते स्थापन झालं, त्या राज्याबाहेर त्याला वर्ग भरवता येत नाहीत, कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. छत्तीसगडने २००२ साली कायदा करून शंभरावर खाजगी विद्यापीठांना परवानगी दिली होती, त्यातल्या अनेकांकडे धड इमारतसुद्धा नव्हती. वैज्ञानिक आणि यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने ती सगळी विद्यापीठं रद्द ठरवली. आपल्या राज्याबाहेर हातपाय पसरण्याचा प्रश्नही त्याच निकालात आला होता. दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांसाठी यूजीसीचे २०२० चे नियम आहेत, त्यांत फ्रँचायझी देण्याला सरळ मनाई आहे. म्हणजे विद्यापीठ यादीत असलं, तरी ते अमुक अभ्यासक्रम अमुक ठिकाणी चालवू शकतं का, हा वेगळा प्रश्न आहे. अकॅडमीत प्रवेशाचं बोलणाऱ्या काउन्सेलर बाईंना हे नक्की ठाऊक होतं, कारण लेखी मागितलं की त्या विषय बदलायच्या. दादाने घरून क्लास, घरून परीक्षा कशी चालेल म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आयआयटी मद्रास पण डेटा सायन्सची डिग्री ऑनलाइन देते ना!" देते, २०२० पासून. जेईई लागत नाही हेही खरं. पण तिथे आधी पात्रता परीक्षा पार करावी लागते आणि प्रत्येक टर्मच्या परीक्षेला केंद्रावर जाऊन समोरासमोर बसावं लागतं. माझ्या भाच्याने पहिल्या वर्षाची 'परीक्षा' मोबाईलवर गूगल फॉर्म भरून दिली.

पैशांचा भाग तर त्याहून वाईट. द्राक्षाचे पैसे खतं-औषधांच्या उधारीत गेले होते. तेव्हा "नो कॉस्ट ईएमआय करून देतो, व्याज शून्य" असं म्हणत एका मुलाने टॅबवर दादाचा आधार नंबर टाकला, ओटीपी विचारला, सेल्फी घेतला. पाच-दहा मिनिटांत काम झालं. दादाची समजूत अशी की आपण कॉलेजची फी हप्त्याने भरतोय. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीने त्याच्या नावावर १,७७,००० रुपयांचं कर्ज काढून ती रक्कम अकॅडमीला एकदम देऊन टाकली होती. दादाच्या खात्यातून दरमहा ७,३७५ रुपये, २४ महिने. अकॅडमीने शिकवो न शिकवो, उद्या कुलूप लावून जावो, हप्ता दादाच्या डोक्यावर. हप्ता चुकला की सिबिल खराब, आणि सिबिल खराब झालं की पुढचं पीककर्ज अडलं. डिजिटल कर्ज देताना सगळा खर्च एका कागदावर मांडून देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. सुरुवातीचे काही दिवस मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडायची सोयही असते. तो कागद दादाला कुणी दाखवला नाही, ते दिवस कधी आले-गेले तेही कळलं नाही.

शिकवलं काय? एक्सेल, पॉवर बीआय, थोडं पायथन, तेही बहुतेक रेकॉर्डेड व्हिडिओंवर. डेटा सायन्सच्या पदवीत पहिल्या वर्षी कस लागतो तो गणिताचा: कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, संभाव्यता, संख्याशास्त्र. एसक्यूएल, मशीन लर्निंग हे सगळं त्याच पायावर उभं राहतं. भाचा विचारायचा, "सर, मॅथ्स कधी?" उत्तर ठरलेलं: इंडस्ट्रीत मॅथ्स कुणी विचारत नाही.

२०२५ च्या दिवाळीत तो माझ्याकडे आला, महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला. पहिल्या वर्षी त्याला सांगितलं होतं की नवीन विद्यार्थ्यांना भरता येत नाही, जे धादांत खोटं आहे. आम्ही लॅपटॉप उघडून बसलो. जिल्हा नाशिक निवडला, आणि कॉलेजांच्या यादीत याचं कॉलेज सापडेना. वरून खाली, खालून वर, स्पेलिंग बदलून पाहिलं. "आत्या, सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल." मी म्हटलं, फीची पावती दाखव, तिच्यावर पूर्ण नाव असेल. त्याने मेलमधून काढली.

मूळ रक्कम १,५०,०००. सीजीएसटी ९ टक्के, १३,५००. एसजीएसटी ९ टक्के, १३,५००. आणि वर सॅक कोड, म्हणजे कुठल्या सेवेवर कर लावला त्याचा क्रमांक, ९९९२९३. हे आकडे मी रोज बघते. ९९९२९३ म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षण आणि कोचिंग. विद्यापीठाचं नाव पावतीवर कुठेही नव्हतं, 'पदवी' किंवा 'बी.एस्सी.' हा शब्दही नव्हता. सरकारला त्यांनी खरं सांगितलं होतं की आम्ही क्लास चालवतो. खोटं फक्त आईबापांना सांगितलं होतं. मी भाच्याला विचारलं, तुझा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, काय? त्याने हा शब्दच ऐकला नव्हता. त्याच्याकडे अकॅडमीने दिलेला एक 'एनरोलमेंट नंबर' होता.

दुसऱ्या दिवशी शेजारची मुलगी फराळाला आली. ती हिंजवडीला डेटा अॅनालिस्ट आहे. भाच्याने तिला आपलं 'लाईव्ह इंडस्ट्री प्रोजेक्ट' दाखवलं. एका विमा कंपनीच्या ग्राहकांचा डेटा, त्यावरून कुणाला क्लेम मिळेल याचा अंदाज. त्याचं वेगळं सर्टिफिकेटही मिळालं होतं. तिने फाईल उघडली आणि गप्प झाली. ओळी किती आहेत बघ म्हणाली. ८९१. वयाचा रकाना किती ठिकाणी रिकामा आहे? १७७. मग एका रकान्यावर बोट ठेवलं, त्यात फक्त एस, सी, क्यू अशी अक्षरं होती. "हे साउदॅम्प्टन, शेरबूर्ग, क्वीन्सटाउन. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकवर माणसं जिथून चढली ती बंदरं." हा जगभर नवशिक्यांना सरावासाठी देतात तो फुकटचा डेटा. 'वाचला की नाही' या रकान्याचं नाव खोडून तिथे 'क्लेम' लिहिलं होतं, बंदरांचा रकाना बदलायचा राहिला होता. पोराने त्या प्रोजेक्टवर रात्री जागवल्या होत्या. त्याचा चेहरा मला अजून विसरता येत नाही.

विद्यापीठाच्या कुलसचिवांना मेल केला. उत्तर आलं, नाशिकमध्ये आमचं कुठलंही केंद्र नाही आणि या नावाचा विद्यार्थी आमच्या नोंदीत नाही. अकॅडमीत गेलो तर टोलवाटोलवी. आधी "सर मीटिंगमध्ये आहेत", मग "पोर्टल अपडेट होतंय", शेवटी प्रवेशअर्जाच्या मागची बारीक अक्षरं पुढे केली: आमची जबाबदारी कौशल्य प्रशिक्षणापुरती, पदवी ही ऐच्छिक सुविधा. मुलाच्या दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्याच कपाटात होता. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीने २०१८ मध्येच मनाई केली आहे. तोच नियम मुदतीत प्रवेश सोडला तर फी परत द्यायलाही सांगतो. पण तो विद्यापीठांना आणि त्यांच्या कॉलेजांना लागू. ही अकॅडमी कॉलेजच नव्हती. कागद हातात पडले ते पोलिसांत अर्ज दिल्याचं कळल्यावर.

प्रवेशाच्या दिवसांत फोन येतील, तेव्हा एवढं करा. नाशिक, अहिल्यानगर, पुणे हे तीन जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. संलग्न कॉलेज असेल तर त्या अभ्यासक्रमाचं, त्या वर्षाचं संलग्नतेचं पत्र मागा. नुसतं कॉलेजचं पत्र पुरत नाही, कारण जुन्या नावाजलेल्या कॉलेजातही एखादा कोर्स मान्यतेविना चालवला जाऊ शकतो. शंका असेल तर विद्यापीठाचं उपकेंद्र नाशिकमध्येच आहे, तिथे जाऊन विचारा. प्रवेशानंतर मुलाला विद्यापीठाचा पीआरएन मिळाला का, ते बघा. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी असेल, तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, पोर्टलवर विद्यापीठाचं नाव, तोच अभ्यासक्रम आणि तेच सत्र, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसायला हव्यात. घरबसल्या शिकायचंच असेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय १९८९ पासून आपल्या नाशिकमध्येच आहे. मधल्या माणसाची गरज काय? आणि टॅबवर ओटीपी मागणाऱ्याला आधी विचारा, हे कर्ज आहे का, देणारी कंपनी कोण, आणि मला मराठीत कागद दे.

आमचं प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे आहे. प्रवेश जुलै २०२४ मधला, म्हणून पूर्वीच्या ४२० ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. पावतीवरचा सॅक कोड, विद्यापीठाचा मेल, काउन्सेलरचे व्हॉट्सअॅप मेसेज आणि टायटॅनिकची ती फाईल, चारही गोष्टी अर्जाला जोडल्या आहेत. फायनान्स कंपनीला लेखी तक्रार दिली, ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर अर्ज केला. हप्ता अजून दादाच भरतोय. भाच्याने बीसीएच्या सीईटीची तयारी सुरू केली आहे. या वेळी फॉर्म माझ्यासमोर बसून भरला.

त्याच्या बॅचला दिंडोरी, सिन्नर, चांदवडकडची बरीच मुलं होती. काहींच्या घरी अजून माहीतच नाही, काही जण लोक काय म्हणतील म्हणून गप्प आहेत. तपास अधिकाऱ्यांनी सांगितलं की जितके अर्ज स्वतंत्र येतील तितका गुन्हा भक्कम होतो. तुमच्या मुलाच्या पावतीवर ९९९२९३ असेल आणि तुम्हाला पदवीचं वचन दिलं गेलं असेल, तर ती पावती आणि बँकेचं हप्त्याचं स्टेटमेंट घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत जा. अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोचशिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.