ऑनलाइन घेतलेले चार टायर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मी मुलुंडला राहते, ऑफिस पवईला. गाडी २०१८ ची स्विफ्ट, टायरचा साइज १८५/६५ आर १५. यंदा, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात चारही टायर ऑनलाइन मागवले. आता डिसेंबर आहे, त्यांच्यावर ६,२०० किलोमीटर झाले. तेव्हा मी जे शोधत होते ते मला कुठे एका जागी वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय. टायरच्या ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की सगळे त्या नावावरच बोलत बसतात, आणि मला सांगायचंय ते खरेदीबद्दल.

जुने टायर गाडीबरोबर आलेलेच होते, ५२,००० किलोमीटर झालेले. खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात, टीडब्ल्यूआय म्हणतात त्यांना, ते पुढच्या दोन टायरमध्ये जवळजवळ वरच्या रबराला टेकले होते. त्या उंचवट्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. टायर तिथपर्यंत घासला की तो कायद्यानेही बाद. पण मला जास्त घाबरवलं ते बाजूच्या भिंतीवरच्या बारीक भेगांनी. आमच्या सोसायटीत गाडी उघड्यावर उभी असते. सहा-साडेसहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या रबराला किलोमीटर कमी असले तरी वय होतंच. आदल्या पावसाळ्यात पूर्व द्रुतगती मार्गावर भांडुप पंपिंग स्टेशनच्या आसपास ब्रेक मारल्यावर गाडी सरळ न थांबता तिरकी सरकली होती. त्यामुळे हा पावसाळा जुन्या टायरवर काढायचा नाही, हे पक्कं होतं.

आधी एलबीएस रोडवरच्या आमच्या नेहमीच्या टायरवाल्या काकांकडे गेले. बाबांच्या झेन गाडीपासून आम्ही त्यांच्याकडे जातो. त्यांनी एका टायरचे ५,९०० सांगितले. फिटिंग, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ करणं) त्यातच, आणि जुन्या टायरचे प्रत्येकी ३०० वजा. म्हणजे सगळे मिळून २२,४००. भाव वाजवी होता. अडचण अशी की माझ्या साइजमध्ये त्यांच्याकडे एकच ब्रँड होता, आणि मला पावसात पकड चांगली म्हणून दुसरा हवा होता. "मागवून देतो ताई, पण आठ-दहा दिवस सांगता येत नाही," म्हणाले.

ऑनलाइन तोच हवा तो टायर ५,१५० ला दिसला. चारचे २०,६००, कार्डवर ८०० ची सूट, म्हणजे १९,८००. काकांच्या ५,९०० च्या भावाशी तुलना केली तर ३,८०० रुपये वाचतात असं वाटत होतं. शेवटी किती वाचले ते पुढे लिहिते.

मागवताना दोन पर्याय होते: टायर घरी घ्यायचे, किंवा त्यांच्या यादीतल्या एखाद्या फिटिंग सेंटरला पाठवायचे आणि ठरलेल्या दिवशी गाडी घेऊन जायचं. मी दुसरा घेतला आणि तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. घरी आलेले चार टायर घेऊन कुठल्याही दुकानात गेलं की एक तर नाही म्हणतात, नाहीतर फिटिंगचे मनाला येईल तेवढे सांगतात. त्यांचाही राग समजण्यासारखा आहे, विक्री दुसऱ्याची आणि घाम यांचा.

ऑर्डर देताना साइज तेवढा जुळवून थांबू नका. त्यापुढचा आकडा आणि अक्षर बघा. माझ्या टायरवर ८८एच आहे. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोपर्यंत भार चालतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. तेवढ्या वेगाने कोणी जाणार नाही, पण कंपनीने गाडीसाठी जो आकडा ठरवलाय त्याच्या खालचा टायर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर साइज आणि हवेचा दाब दोन्ही लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा.

३ मेला ऑर्डर दिली, ११ मेच्या रविवारी सकाळी दहाची वेळ मिळाली. आणि इथेच खरा प्रसंग घडला.

सेंटरवर पोचले तेव्हा गाडी लगेच जॅकवर घेतली गेली. मुलगा पुढचं चाक काढायला लागला. टायर कोपऱ्यात एकावर एक रचलेले होते, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेले. मी म्हटलं, थांब, आधी मला तारखा बघू दे. टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, दुसऱ्या बाजूला तारीख नसते, त्यामुळे टायर उलटून बघावा लागतो. मोबाईलचा टॉर्च लावून वाकून बघितलं. पहिला ०५२५. दुसरा ०५२५. तिसरा १०२३. अंगठ्याने धूळ पुसून पुन्हा वाचलं. १०२३ च. चौथाही तोच. म्हणजे दोन टायर याच वर्षीच्या जानेवारीअखेरचे आणि दोन मार्च २०२३ चे, सव्वादोन वर्षं कुठल्यातरी गोदामात पडून असलेले.

"मॅडम, टायर नवाच आहे. वापरलेला नाहीये," मुलगा म्हणाला.

"वापरलेला नाही हे मलाही दिसतंय दादा. पण पैसे मी चारही टायरचे सारखेच भरलेत."

मग मॅनेजर आला. त्याने पाच वर्षांपर्यंत टायर चांगला असतो वगैरे सांगितलं. नीट सावलीत ठेवलेला टायर दोन वर्षांत खराब होत नाही, हे खरं आहे, त्यात तो खोटं बोलत नव्हता. पण चारही टायर एकत्रच म्हातारे व्हावेत अशी माझी अपेक्षा होती, आणि जुना माल घ्यायचाच तर त्याचा भाव वेगळा हवा. मी चारही आकड्यांचे फोटो काढले, तिथेच उभं राहून विकणाऱ्यांच्या हेल्पलाइनला फोन केला. पंचवीस मिनिटं गेली. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "टायर रिमवर चढलेत का?" नाही म्हटल्यावर आवाजच बदलला. चढले असते तर परत घेता आले नसते. टायर एकदा रिमवर चढला, त्यात हवा भरली की परतीचा रस्ता बंद होतो. ही अट त्यांच्या नियमांमध्ये लिहिलेली होती, मीही ऑर्डर देताना वाचली होती, पण तिचा अर्थ त्या फोनवर कळला.

म्हणून मला कोणी विचारलं की ऑनलाइन टायर घ्यावेत का, तर मी हो म्हणते आणि लगेच सांगते की पैसे भरले म्हणजे खरेदी झाली असं धरू नका. टायर चढायच्या आधी ती पाच मिनिटं स्वतः तिथे उभं राहायचं. ड्रायव्हरला गाडी देऊन पाठवायचं नाही, चहा प्यायला जायचं नाही. साइज, ८८एच सारखा आकडा, आयएसआयची खूण, चारही तारखा, सगळं वाचायचं, फोटो काढायचे, मग म्हणायचं, चढवा.

बदली टायर १७ मेला आले, दोन्ही ११२५ चे. चारांच्या तारखांत दीड महिन्याचा फरक राहिला, तो मी चालवून घेतला. दुसऱ्या फेरीसाठी अर्धा शनिवार गेला, त्याची भरपाई कोणी दिली नाही.

फिटिंग-बॅलन्सिंगचे टायरमागे २५०, नवीन व्हॉल्व्ह ६० चा एक, अलाइनमेंट ६००. व्हॉल्व्ह बदलायचेच, जुना कडक झालेला रबरी व्हॉल्व्ह नव्या टायरला ठेवणं म्हणजे नव्या भांड्याला जुनं झाकण. असे १,८४० वाढून एकूण २१,६४० झाले. जुन्या टायरचे पैसे देत नाही म्हणाले. म्हणजे काकांच्या २२,४०० पेक्षा ७६० कमी. आणि तेही टिकले नाहीत, कारण दोन दिवसांनी पूर्व द्रुतगती मार्गावर ऐंशीला गेलं की स्टिअरिंग थरथरायला लागलं. पुढच्या डाव्या चाकाचं बॅलन्सिंग नीट झालं नव्हतं. शेवटी काकांकडेच गेले. टायर दुसरीकडून घेतले हे त्यांना दिसत होतं, पण एक शब्द बोलले नाहीत. चारही चाकं मशिनवर फिरवली, एका रिमवरचं शिशाचं वजन काढून दुसऱ्या जागी लावलं, ४०० घेतले. मला त्यांच्यासमोर अवघडल्यासारखं झालं, ते इथे लिहून ठेवते.

हिशेब असा की खऱ्या अर्थाने वाचले ३६० रुपये. स्वस्त पडतं म्हणून कोणी ऑनलाइनकडे जात असेल तर हा आकडा लक्षात ठेवावा. मला हवा तो टायर मिळाला, ही माझी खरी कमाई.

आणि तो वेळेत मिळाला. यंदा मुंबईत पाऊस २६ मेलाच आला, एरवी ११ जूनच्या सुमारास येतो. माझ्या टायरना तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. सप्टेंबरच्या २२ तारखेपासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा नवरा म्हणाला, थांबली असतीस तर सोळाशे रुपये वाचले असते. वाचले असते. पण १८ ऑगस्टची दुपार मी त्या जुन्या टायरवर काढली असती.

त्या दिवशी ऑफिसने लवकर सोडलं. जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) उतरून हायवेला लागले तेव्हा वायपर सगळ्यात जोरात लावूनही पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते. भांडुप पंपिंगच्या अलीकडे एक बाइकवाला माझ्यापुढे घसरला. मी ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची ती धडधड जाणवली आणि गाडी आपल्या लेनमध्ये, सरळ, थांबली. त्याच्या आणि माझ्यामध्ये एक गाडी मावेल एवढं अंतर उरलं होतं. तो उठला, हात दाखवला, बाइक ओढत कडेला गेला. गेल्या वर्षी जवळजवळ याच जागी गाडी सरकली होती. ब्रेक तेच, गाडी तीच, चालवणारी मीच. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण रस्ता धरायचं काम शेवटी टायरचंच. खाचा खोल असतील तर पाणी त्यांतून बाजूला फेकलं जातं आणि रबर रस्त्याला टेकतं, खाचा घासल्या की पाणी मधेच राहतं आणि चाक त्यावर तरंगायला लागतं.

जुलैत एक मोठा फटका मात्र बसला. एलबीएस रोडवर मेट्रो ४ च्या कामाच्या पट्ट्यात पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. दोन दिवसांनी पुढच्या डाव्या टायरच्या भिंतीला लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की असा फुगा येतो, त्यावर पंक्चर काढण्यासारखी कुठलीही दुरुस्ती चालत नाही, टायर बदलावाच लागतो. साधी वॉरंटी फक्त बनावटीतल्या दोषाला असते, खड्ड्याच्या फटक्याला नाही. पण या कंपनीची अशा नुकसानीसाठी वेगळी योजना होती, खरेदीनंतर ठरावीक दिवसांत नोंदणी केली असेल तरच लागू होणारी. ती मी फिटिंगच्या दिवशीच केली होती. इथे ऑनलाइन खरेदीचा सरळ फायदा झाला: जीएसटीचं पक्कं बिल मेलमध्ये होतं. पुष्कळ दुकानांत कच्च्या कागदावर आकडा लिहून देतात, त्यावर असा क्लेम उभा राहत नाही. विकणाऱ्यांनी कंपनीकडे बोट दाखवलं, कंपनीने भांडुपच्या डीलरकडे पाठवलं, त्यांनी खाचांची खोली मोजली, आणि जेवढा टायर घासला होता तेवढ्याचे ४१० रुपये भरून नवीन मिळाला. नऊ दिवस लागले. तोपर्यंत स्टेपनीवर, हळू.

दिवाळीत भिवंडीजवळच्या आमण्याहून समृद्धी महामार्गाने शिर्डीला गेलो. तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने चाललं की टायर चांगलाच तापतो. निघायच्या आधी टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे हवा भरली. पंपावर न विचारता जास्त भरतात, ते सांगून थांबवावं लागतं. जाऊन-येऊन काही त्रास नाही. रस्त्याचा आवाज जुन्यापेक्षा थोडा जास्त येतो, काँक्रीटवर विशेष. मायलेज आधीइतकंच. परवा गेजने मोजलं तर पुढच्या उजव्या, मेमध्येच बसवलेल्या टायरच्या खाचा ७.१ मिलिमीटर भरल्या, नवे असताना ७.८ होत्या.

मागच्या रविवारी दिराच्या गाडीचे टायर आले, तेही ऑनलाइनच. फिटिंग मी काकांकडे ठरवून दिली होती, पैसे आधी बोलून. दीर बाहेर फोनवर होता, मी टॉर्च घेऊन बसले. चारही ३८२५. काकांकडे बघितलं आणि म्हटलं, चढवा.