पेसो, पण कोणता? हवानाला जाण्याआधी

क्यूबाच्या राजधानीत, हवानात, पर्यटकाचा खिसा बहुतेक वेळा गप्पांतून रिकामा होतो. पार्के सेंत्रालपासून ओबिस्पो रस्त्याने जुन्या शहरात शिरलं की कोणीतरी हसतमुखाने विचारतोच, कुठून आलात? अशा माणसाला तिथे ‘हिनेतेरो’ म्हणतात. शब्दशः अर्थ घोडेस्वार. घोडा कोण, ते सांगायला नको. त्याचं बोलणं निव्वळ थाप नसतं, त्यात थोडं खरं मिसळलेलं असतं, आणि त्यामुळेच चांगली शहाणी माणसंही गळाला लागतात.

चुना मात्र घरी बसल्याबसल्याच लागू शकतो. क्यूबात उतरण्यापूर्वी ७ दिवसांच्या आत ‘दे-व्हियाहेरोस’ हा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो आणि तो पूर्णपणे मोफत आहे. शोधयंत्रात सरकारी साइटसारखीच दिसणारी पानं वर येतात आणि त्याच अर्जाचे पैसे घेतात. खऱ्या पत्त्याच्या शेवटी ‘गॉब डॉट सीयू’ असतं. ते नसेल तर कार्डाचा नंबर टाकू नका. ब्रिटिश किंवा युरोपीय पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना एजंट आणखी एक गोष्ट सांगत नाहीत: १२ जानेवारी २०२१ पासून पुढे क्यूबाला जाऊन आलेल्यांना अमेरिकेची ‘एस्टा’ ही बिनव्हिसा प्रवेशाची सवलत मिळत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो. पुढच्या वर्षी ऑर्लँडोचा बेत असेल तर हा हिशेब आधीच करा.

आता पैशांचं. क्यूबात अनेक वर्षं दोन पेसो चालत होते: लोकांचा साधा पेसो आणि डॉलरच्या तोडीचा ‘परिवर्तनीय’ पेसो. दुसरा १ जानेवारी २०२१ ला रद्द झाला, पण त्याच्या नोटा लोकांकडे उरल्या. रस्त्यावर पैसे बदलून देणारा साध्या नोटांच्या गड्डीत याच रद्दी नोटा खपवतो. ओळखायची खूण सोपी आहे. चालू नोटेवर माणसाचा चेहरा असतो, १०० वर सेस्पेदेस, २०० वर फ्रांक पाइस, ५०० वर आग्रामोंते. रद्द नोटेवर पुतळे आणि स्मारकं, आणि ‘पेसोस कोन्व्हर्तिब्लेस’ ही अक्षरं.

सरकारी विनिमय केंद्राला ‘कादेका’ म्हणतात. तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये डॉलरचा भाव १२० पेसो ठरला आणि पुढे रस्त्यावरचा भाव त्याच्या दुप्पट-तिप्पट वर गेला. त्या तफावतीमुळेच माणूस गल्लीत शिरू लागला. हा व्यवहार बेकायदा आहे. शिवाय घडी घालून एकच नोट दोनदा मोजणं, ५०० च्या गड्डीत मध्ये ५० च्या नोटा घालणं, ‘पोलीस आले’ म्हणून घाई करणं हे नेहमीचंच. पेसो देशाबाहेर कोणी घेत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांपुरतेच बदला. युरो किंवा डॉलरच्या ५, १०, २० च्या कोऱ्या नोटा न्या. फाटकी किंवा पेनाने लिहिलेली नोट परत येते, आणि सुट्टे तर कोणाकडेच नसतात. अमेरिकन बँकेचं कार्ड तिथे चालत नाही.

आणखी एक खोच म्हणजे पेसोसाठीही डॉलरचंच चिन्ह वापरतात. सायकल-टॅक्सीवाला ‘सिंको’ म्हणाला की ते पाच काय, हे बसण्याआधी ठरवा: पाच डॉलर की पाचशे पेसो, दोघांचे मिळून की माणशी. कागदावर आकडा लिहून घ्या. चे गेव्हाराचं चित्र असलेली ३ पेसोची नोट फेरीवाले एका डॉलरला विकतात. १२० च्या भावानेही तिची किंमत अडीच सेंट. आठवण म्हणून हवी असेल तर खुशाल घ्या, पण किंमत माहीत असू द्या.

सिगारवर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण एका फटक्यात सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात. हिनेतेरो सांगतो, ‘आज सहकारी संस्थेचा दिवस आहे, कामगारांना आपला माल अर्ध्या किमतीत विकायची परवानगी असते, फक्त आजच.’ हा दिवस वर्षातून ३६५ वेळा येतो. मग एखाद्या जिन्यावरच्या खोलीत ‘कोहिबा’ या महागड्या ब्रँडची पेटी पुढे येते, २५ सिगार, ६० डॉलर. २०२२ मध्ये कोहिबाच्या किमती जगभर एकसारख्या करून कित्येक पट वाढवल्या गेल्या. आज या भावात खरी पेटी मिळणं शक्यच नाही. आत बऱ्याचदा तुकड्यांची भरताड असते, कधी केळीचं पानही. काचेच्या झाकणाची पेटी दिसली तर बोलणंच थांबवा, ती नकलीच असते. खऱ्या पेटीवर हिरवट-पांढरी हमीची पट्टी असते आणि तळाला ‘एचो एन कुबा’, ‘तोताल्मेंते अ मानो’ ही अक्षरं तापवून उमटवलेली, जवळच कारखान्याचा संकेत आणि महिना-वर्ष. तरी शिक्क्यांचीही नक्कल होते, म्हणून खरेदी अधिकृत ‘कासा देल हबानो’ दुकानातूनच करा आणि पावती जपा. सुटे सिगार २० पर्यंत बिनपावतीचे नेता येतात. पावतीविना त्याहून जास्त नेले तर विमानतळावर जप्त होऊ शकतात.

खोलीच्या बाबतीत युक्ती जुनीच आहे. बॅग ओढत चाललेल्या माणसाला कोणी सांगतो, ‘ते घर बंद पडलंय, पाइप फुटलाय,’ आणि दुसरीकडे नेतो. त्याचं कमिशन तुमच्या भाड्यात चढतं. पत्ता तिथल्या पद्धतीने लिहून ठेवा: रस्ता, घरक्रमांक आणि ‘एन्त्रे’ म्हणजे कोणत्या दोन गल्ल्यांच्या मध्ये. (एका गल्लीचं नाव हबाना, दुसरीचं कुबा, नवख्याचा गोंधळ ठरलेला.) परदेशी पाहुण्यांना परवाना असलेल्या घराच्या दारावर निळी नांगरासारखी खूण असते. ‘चोवीस तास वीज’ हे आश्वासन मात्र तपासून घ्या. १८ ऑक्टोबर २०२४ ला अख्ख्या देशाची वीज गेली होती, त्यानंतरही तसं पुन्हा घडलं. जनरेटर आहे का, तो फ्रिज-पंख्यापुरता की एसीसकट, त्याला इंधन आहे का, हे लेखी विचारा.

कडेवर मूल घेतलेली बाई पैसे नको म्हणते, फक्त दुधाची पावडर घेऊन द्या. दुकान तीच दाखवते, भाव भरमसाट असतो, आणि तुमची पाठ वळली की डबा परत काउंटरवर. टंचाई खोटी नाही. २०२४ मध्ये सरकारनेच जागतिक अन्न कार्यक्रमाकडे दूध पावडर मागितली होती. द्यायचंच असेल तर घरून नेलेली पावडर किंवा साबण ज्या घरात उतरलात तिथे द्या. ‘आज संगीताचा उत्सव आहे’ म्हणून बारमध्ये नेलं तर किंमत छापलेलं मेनूकार्ड पाहिल्याशिवाय मोहितो (रमचं कॉकटेल) मागवू नका. सोबत आलेल्या मित्राचे पेलेही तुमच्याच बिलात येतात.

फसलातच तर पोलिसांचा क्रमांक १०६. तक्रारीला ‘देनुन्सिया’ म्हणतात. तिची प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका, विमा कंपनी तीच मागते. पैसे गल्लीत बदलताना गेले असतील तर मात्र तक्रार करताना आपणही बेकायदा व्यवहार केला हे आधी कबूल करावं लागतं, आणि समोरच्याने नेमका त्यावरच भरवसा ठेवलेला असतो.