मोठ्या कुत्र्याची भीती आणि दारातलं फाटक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जोडीदाराचा कुत्रा मोठा आणि आपल्याला कुत्र्यांची भीती, यावर दुकानात एकच एक वस्तू मिळत नाही. चार लागतात: दारात बसवायचं फाटक, जाळीचं मुसकं, छातीवर कडी असलेला हार्नेस (कुत्र्याच्या अंगात घालायचा पट्टा) आणि घरात वापरायची हलकी दोरी. इथे लिहिलंय ते या चार वस्तूंबद्दल आणि त्यांच्या जोडीने केलेल्या सरावाबद्दल. घर पुण्यातलं, दोन बेडरूमचं. कुत्रा जर्मन शेफर्ड, नर, चार वर्षांचा, वजन ३४ किलो, आजवर कुणालाही न चावलेला. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या. जो कुत्रा आधी चावलाय, किंवा खाण्याजवळ कुणी आलं की गुरगुरतो, त्याच्यावर हे घरच्या घरी करू नका. वर्तन जाणणारा पशुवैद्य गाठा. आणि कुत्र्याच्या नुसत्या आवाजाने ज्यांना दरदरून घाम फुटतो, श्वास अडकतो, त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

सगळ्या सरावाचा पाया एकच: कुत्रा किती जवळ यायचा, हे ज्याला भीती वाटते त्यानेच ठरवायचं. पद्धत जुनीच आहे. १९२४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची नोंद प्रसिद्ध केली. पीटर आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणला जायचा. पुढे १९५८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी भीतीची पायऱ्या-पायऱ्यांची शिडी मांडून याला शिस्त दिली. आपल्या घरात पिंजऱ्याचं काम फाटक करतं.

भीतीला ० ते १० असा आकडा द्या. ० म्हणजे निवांत, १० म्हणजे जीव मुठीत घेऊन पळावंसं वाटणं. सराव ४-५ च्या आसपास झाला पाहिजे. ७ च्या वर गेला की बहुतेकदा माणूस शिकण्यापेक्षा सहनच जास्त करतो. अंतर मोजायला टेप लागत नाही. हॉलमध्ये दोन फुटी फरशा असतील तर एक फरशी म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर. सुरुवात सात फरश्यांवरून करा: फाटक बंद, पलीकडे कुत्रा त्याच्या चटईवर, दोरी जोडीदाराच्या हातात. घाबरणाऱ्या माणसाने खुर्चीत बाजूला तोंड करून बसायचं. पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. त्याच फरशीवर सलग दोन दिवस आकडा ३ किंवा खाली आला की एक फरशी पुढे. नाही आला तर तिथेच थांबा. एका फरशीवर दहा-दहा दिवस जातात, त्यात काही बिघडलेलं नसतं. आकडा फाटकाच्या चौकटीला चिकटवलेल्या कागदावर लिहीत जा, कारण आदल्या आठवड्यात किती होता हे खरंच आठवत नाही.

आता फाटक. लहान मुलांसाठी मिळणारी फाटकं बहुतेक पाऊण मीटर उंच असतात. शेफर्ड त्यावर पुढचे दोन्ही पाय आरामात टेकवतो आणि त्याचं तोंड थेट आपल्या छातीसमोर येतं. एक मीटरच्या आसपास उंची हवी. भोकं न पाडता, चार कोपऱ्यांतल्या स्क्रूच्या दाबावर बसणारं फाटक लाकडी चौकटीत घट्ट बसतं. पण आपल्याकडे स्वयंपाकघराला आणि बाथरूमला ग्रॅनाइटच्या चौकटी असतात. त्या गुळगुळीत दगडावर स्क्रूच्या टोकाचं रबर आठवड्याभरात किंचित सरकतं. डोळ्यांना दिसत नाही, पण हाताने वरची दांडी हलवली की खालून ‘टक’ असा आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे फाटक सुटायच्या वाटेवर आहे. स्क्रूची टोकं बसवायला सोबत येणाऱ्या छोट्या वाट्या चौकटीला पक्क्या चिकटवा आणि दर रविवारी स्क्रू आवळा. ३४ किलोचा कुत्रा एकदा धडकला आणि फाटक पडलं, तर महिनाभराचा सराव त्या एका क्षणात पुसला जातो.

फाटकाचं दार कुत्र्याच्या बाजूला उघडणारं असू द्या. मग त्याने पलीकडून ढकललं तरी दार अडसरावरच दाबलं जातं, उघडत नाही. दाबावरच्या फाटकांना खाली आडवी पट्टी असते आणि रात्री पाण्याला उठलेला माणूस तिला हमखास अडखळतो. तिच्यावर पांढरी टेप लावा. पहिले दोन आठवडे खालच्या अर्ध्या भागावर जुनी चादर बांधा. सळ्यांच्या फटीतून बाहेर येणारं ओलं नाक अनेकांना अख्ख्या कुत्र्यापेक्षा जास्त घाबरवतं.

मुसकं म्हणजे कोळपणीच्या वेळी बैलाला बांधतात तीच कल्पना, पण आकाराची निवड जोखमीची. जबडा गच्च बांधणारी कापडी नळी घेऊच नका. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. तोंड बंद झालं की उन्हाळ्यात काही मिनिटांत त्याचं अंग तापतं आणि जिवावर बेततं. जाळीचं, टोपलीसारखं मुसकं हवं. त्यात तोंड पूर्ण उघडलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. माप कुत्रा धापा टाकत असताना, उघड्या जबड्याचं घ्या. नाकापुढे एक सेंटिमीटर जागा सोडा. बंद तोंडाचं माप घेऊन मागवलेलं मुसकं परत पाठवावं लागतं, आणि ही चूक फार जण करतात.

मुसकं आणलं आणि लगेच बांधलं, असं होत नाही. दोन-तीन आठवडे रोज त्यात उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवा, कुत्र्याला स्वतःहून तोंड घालू द्या. मग पट्टा एक सेकंद लावा, पाच सेकंद, अर्धा मिनिट. पंजाने ओढायला लागला तर घाई झाली, दोन दिवस मागे या. कडक प्लॅस्टिकचं मुसकं स्वस्त पडतं, पण लाडात आलेला कुत्रा ते गुडघ्यावर असं आपटतो की निळं पडतं. रबरी किंवा सिलिकॉनचं घ्या. घरात कुणी लक्ष द्यायला नसताना मुसकं कधीच ठेवायचं नाही.

हार्नेसबद्दल थोडक्यात. पाठीवर कडी असलेला हार्नेस ओढायलाच शिकवतो. छातीवर कडी असली की ओढणारा कुत्रा आपोआप वळतो. काखेत घासतो का हे दर आठवड्याला केस बाजूला सारून बघा. घरातली दोरी दोन मीटरची आणि टोकाला मूठ नसलेली हवी, कारण मूठ सोफ्याच्या पायात अडकते. नायलॉनची दोरी तळहात भाजते, सुती किंवा रबरी चांगली.

आता ज्या गोष्टीने काम सर्वांत जास्त बिघडतं ती. ती आहे जोडीदाराचं एक वाक्य: ‘अगं, काही करत नाही तो!’ प्रेमाने म्हटलेलं असतं, खरंही असतं, पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की आपण थांब म्हटल्यावर कुणी थांबणार नाही. म्हणून एक शब्द ठरवा. तो उच्चारला की जोडीदाराने काही न बोलता, चेहऱ्यावर नाराजी न आणता कुत्र्याला आत न्यायचं. ‘बास’ हा शब्द निवडू नका. कुत्र्याला मराठीत ‘बस’ शिकवलं असेल तर तो तिथेच बसून राहतो. ‘पाणी’ चालतं, ‘बदाम’ही चालतं. हा शब्द पाळला जातो याची खात्री पटली की तो वापरायची गरज झपाट्याने कमी होते. आमच्या मते चारही वस्तूंपेक्षा या एका शब्दाचं मोल जास्त आहे.

घाबरणाऱ्याने शिकायच्या गोष्टी दोन. हात छातीशी वर घ्यायचे नाहीत. घाबरलं की हात आपसूक वर जातात, कुत्र्याला वाटतं वर काहीतरी आहे आणि तो उडी मारतो. हात खाली, बोटं मिटलेली, नजर त्याच्या डोळ्यांवर नाही तर खांद्यावर. दुसरी, पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे लागणं कुत्र्याच्या रक्तातच आहे. आणि शेपूट हलते म्हणजे खूश, हे अर्धवट ज्ञान सोडून द्या. ताठ, उंच शेपूट सावकाश हलत असेल, तोंड अचानक मिटलं असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल, तर तो अस्वस्थ आहे. झोप नसताना जांभई, खाणं समोर नसताना सारखं नाक चाटणं, हेही तेच सांगतं. गुरगुरला तर रागावू नका, अंतर वाढवा. गुरगुरणं दाबून टाकलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावू शकतो.

फाटक उघडल्यावरची पायरी फेकण्याची. करंगळीच्या नखाएवढे चिकनचे वीस-पंचवीस तुकडे, मीठ, कांदा, लसूण नसलेले. शाकाहारी घरात पनीर. तुकडा कुत्र्याच्या तोंडाकडे न टाकता त्याच्या मागे टाका. तो वळून खायला जातो, अंतर आपोआप वाढतं, आणि परत यायचं की नाही हे तो ठरवतो. जोडीदाराने तेवढं खाणं रात्रीच्या वाट्यातून कमी करावं, नाहीतर दोन महिन्यांत वजन दिसायला लागतं.

पहिला स्पर्श कुत्र्याला मुसकं बांधलेलं असताना, खांद्याच्या बाजूला, डोक्यावर नाही. वरून येणारा हात कुत्र्यालाही नको असतो. तीन सेकंद हात ठेवा, काढा, थांबा. वरचे केस राठ लागतात, बोटं आत गेली की खाली मऊ, गरम लोकर लागते आणि श्वासाबरोबर बरगड्या हलताना कळतात. तो अंग टेकून पुन्हा जवळ आला तर आणखी तीन सेकंद. जागचा हलला नाही किंवा तोंड फिरवलं तर आजचं संपलं. हे आठ-दहा दिवस नीट झालं की मुसकं काढून हीच पायरी पुन्हा पहिल्यापासून करायची. आकडा परत २-३ ने वर जातो, घाबरून जाऊ नका, या वेळी लवकर उतरतो.

बाहेर फिरायला जाताना तिघांनी एका दिशेने चाला, मध्ये जोडीदार, दोन बाजूंना कुत्रा आणि तुम्ही. समोरासमोर भेट घडवू नका. सराव नेहमी अर्ध्या तासाच्या फिरण्यानंतर. पावसाळ्यात फिरणं बुडतं, कुत्र्याच्या अंगात साठलेला जोर घरात निघतो, त्या दिवशी सराव सोडा. दिवाळीचे चार-पाच दिवस तर पूर्ण सुट्टी, फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा नेहमीचा नसतो. नंतर दोन फरश्या मागून सुरू करा.

रेबीजच्या लसीचं कार्ड फाटकाजवळच लावा. दरवर्षीची तारीख डोळ्यांसमोर असली की मनातली अर्धी शंका जाते. तरीही दात किंवा नख लागून कातडी फुटली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते.

आठ महिन्यांनंतरची स्थिती अशी: हॉलमधलं फाटक दिवसभर उघडं असतं, मुसकं फक्त दवाखान्यात लागतं, कुत्रा सोफ्याशेजारी झोपलेला असताना आकडा १. दोन जागा मात्र अजून अवघड आहेत. दाराची बेल वाजली की तो भुंकत धावतो, तेव्हा आकडा अजून ५ वर जातो. आणि जेवणाच्या वेळी स्वयंपाकघराचं फाटक बंदच ठेवावं लागतं. बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून, अगदी हळू वाजवून, प्रत्येक वेळी त्याला चटईवर पाठवण्याचा सराव या महिन्यात सुरू केलाय, पुन्हा सात फरश्यांवरून.