जड धातू तपासणाऱ्या घरगुती पट्ट्या: दोन महिन्यांचा अनुभव

पाण्यातील जड धातू घरच्या घरी तपासता येतील, असे सांगून विकला जाणारा पट्ट्यांचा एक संच मी गेले दोन महिने वापरत आहे. पट्टी पाण्यात बुडवायची, दोन मिनिटे थांबायचे आणि तिचा रंग डबीवरील रंगचौकटींशी ताडून पाहायचा, इतके ते सोपे आहे. माझी तक्रार आहे ती त्या चौकटींवर छापलेल्या आकड्यांविषयी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यांनुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे आणि आर्सेनिक प्रत्येकी 10 मायक्रोग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम 3 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. या संचातील शिशाच्या पट्टीवर मात्र शून्यानंतरची पहिलीच चौकट 20 ची आहे, त्यामुळे पाण्यात मर्यादेच्या दीडपट शिसे असले तरी पट्टी कोरी राहू शकते आणि घरातील माणसे निर्धास्त होतात. लहान मुलांच्या शरीरात शिसे प्रौढांच्या चार ते पाचपट शोषले जाऊ शकते आणि मेंदूच्या वाढीला निर्धोक ठरेल अशी त्याची कोणतीही पातळी ज्ञात नाही, हे लक्षात घेतले तर ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

‘एकूण जड धातू’ दाखवणारी दुसरी पट्टी संचात नसती तरी चालले असते. तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम या सर्वांना ती एकाच रंगात दाखवते. तांब्याचे मार्गदर्शक मूल्य 2000 मायक्रोग्रॅम आणि शिशाचे 10. अशा धातूंची बेरीज वाचून घाबरावे की निश्चिंत व्हावे, हे कसे ठरवायचे? सोबत फुकट मिळालेल्या टीडीएस मीटरचीही (पाण्यात विरघळलेल्या सर्व पदार्थांचे एकूण प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाची) तीच गत आहे, कारण त्यावरील आकडा एकाने वाढतो तेव्हा लिटरमागे 1000 मायक्रोग्रॅमची भर पडलेली असते.

माहितीपत्रक मात्र उत्तम आहे. नळ किमान सहा तास बंद ठेवून पहिल्या धारेचा एक नमुना घ्यावा आणि पाणी काही मिनिटे वाहू दिल्यावर दुसरा घ्यावा, असे त्यात कारणासह समजावले आहे: जुन्या जोडांतून आणि पितळी भागांतून शिसे साचलेल्या पाण्यात उतरते. उकळल्याने धातू जात नाहीत, उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते, हेही स्पष्ट लिहिले आहे (हे वाचेपर्यंत मी नेमके तेच करत होतो). त्याप्रमाणे घेतलेले दोन्ही नमुने मी एका प्रयोगशाळेत दिले. तेथील यंत्र आर्गॉन वायूच्या अतितप्त प्लाझ्मात नमुन्याचे आयन करून प्रत्येक धातू त्याच्या वस्तुमानावरून वेगळा मोजते. पहिल्या धारेत शिसे मर्यादेच्या वर निघाले, दुसऱ्या नमुन्यात बरेच खाली. पट्टी दोन्ही वेळा कोरीच राहिली होती. नळाची जुनी पितळी तोटी मी लगेच बदलली.

विक्रेत्याकडे विचारणा केली असता, संच केवळ प्राथमिक अंदाजासाठी असल्याचे उत्तर आले. डबीवर तसा एक शब्दही नाही. पाचपैकी दोन तारे, आणि ते दोन्ही माहितीपत्रकाला.