पायांचा कोनाडा: इकॉनॉमी, बिझनेस की फर्स्ट?

फर्स्ट क्लासला एवढे पैसे घालावेत का, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: विमान रात्रीचं आहे की दिवसाचं? निम्मं उत्तर तिथेच मिळतं. दिवसाचा पाच-सहा तासांचा प्रवास असेल तर माझ्या मते वरचे पैसे घालूच नयेत. दोन सिनेमे, एक डुलकी, आलं ठिकाण. प्रश्न आहे तो रात्रीच्या लांब उड्डाणाचा, आणि त्यातही पोचल्यावर लगेच डोकं चालवायचं असेल तर.

मी तिन्ही वर्गांतून गेलोय. इकॉनॉमीची मोजदाद नाही. बिझनेसने आठ-दहा वेळा गेलो, त्यातले निम्मे प्रवास कामाच्या खर्चाने. फर्स्ट दोनदाच: एकदा साठवलेले माइल्स (विमानप्रवासावर कंपनी देते ते पॉइंट) उडवून, एकदा गेटवर नशीब उघडलं आणि फुकट वरच्या वर्गात बसवलं म्हणून. तेव्हा पुढे जे लिहितोय ते एवढ्याच शिदोरीवर. तुमची उंची, कंबर आणि झोपायची सवय वेगळी असेल तर निकाल वेगळा लागू शकतो.

‘फर्स्ट’ या शब्दावर मात्र जाऊ नका. अमेरिकेतल्या अंतर्गत विमानांत फर्स्ट म्हणजे बहुतेक वेळा नुसती रुंद, जरा जास्त मागे कलणारी खुर्ची. युरोपातल्या युरोपात बिझनेस म्हणजे बऱ्याचदा इकॉनॉमीचीच रांग, फक्त मधली सीट रिकामी ठेवलेली आणि पुढे एक पडदा. त्या पडद्याचे पैसे मी एकदा भरलेत, परत भरणार नाही. इथे विषय आहे तो लांब पल्ल्याच्या विमानांतल्या खऱ्या बिझनेसचा आणि खऱ्या फर्स्टचा.

प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला वर्ग, मी यात धरत नाही. खुर्ची चांगली असते, गुडघ्यांना जागा मिळते, दिवसाच्या बारा तासांना ती उत्तम. पण रात्री तिथेही माणूस बसलेलाच राहतो, फक्त जरा ऐसपैस.

इकॉनॉमीत नक्की काय छळतं याचा मी बराच विचार केलाय. अन्न नाही, रांग नाही, शेजारीही नाही. पाठ टेकवायला मिळत नाही, एवढंच खरं दुखणं. रात्री तीनच्या सुमाराला मान एकदा डावीकडे पडते, एकदा उजवीकडे, मग कपाळ समोरच्या ट्रेवर टेकवून बघावं तर पुढचा माणूस नेमकी तेव्हाच सीट मागे घेतो. मानेच्या त्या फुगवायच्या उशांवर मी जेवढा खर्च केलाय तो एकत्र केला तर एखादं अपग्रेड सहज निघालं असतं.

पैसे देऊनही जे मिळत नाही तेही आधी सांगून टाकतो. केबिनमधली हवा सगळ्यांना एकच. विमान कितीही वर असलं तरी आतला दाब साधारण ८,००० फुटांवरच्या डोंगरावर असावा तेवढा ठेवलेला असतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या विमानांत तो ६,००० फुटांच्या आसपास असतो. ओलावा बहुतेक वेळा २० टक्क्यांच्याही खाली. घसा कोरडा पडणं, नाक चोंदणं, जेवण बेचव लागणं, हे पहिल्या रांगेतही तसंच. म्हणून वर्ग ठरवण्याआधी विमान कोणतं आहे ते बघा, असं मी म्हणेन. जुन्या विमानाच्या बिझनेसमधून उतरल्यावर जेवढं डोकं जड झालं होतं, तेवढं ए-३५०च्या इकॉनॉमीतून उतरल्यावर झालं नाही. हे मोजमाप नव्हे, मला जाणवलं ते सांगतोय.

पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या भीतीने कोणी महाग तिकीट काढत असेल तर तेही नको. त्याला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे नाव पडलं खरं, पण २०१२ साली अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सने आपल्या मार्गदर्शनात सांगितलं की इकॉनॉमीत बसल्यामुळे हा धोका वाढतो याला ठोस पुरावा नाही. तासन्‌तास न हलता बसणं मात्र धोक्याचं, आणि खिडकीकडचा माणूस उठायचा कंटाळा करतो म्हणून तो जास्त अडकतो. दोन ग्लास रिचवून फर्स्टमध्ये आठ तास निपचित पडलेला माणूसही त्यातलाच. आधीपासून त्रास असलेल्यांनी डॉक्टरांनाच विचारावं, ते वेगळं.

आता बिझनेस. हे नाव १९७०च्या दशकाच्या अखेरीस रूढ झालं. पूर्ण भाडं भरणारा आणि सवलतीचं तिकीट काढलेला, दोघं खांद्याला खांदा लावून बसायचे. पहिल्याची कुरकुर थांबावी म्हणून मधला वर्ग निघाला. क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९७९ साली तो या नावाने सुरू केला. तेव्हा फर्स्ट आणि बिझनेस यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. मग ब्रिटिश एअरवेजने नव्वदच्या दशकाच्या मध्यात फर्स्टमध्ये पूर्ण सपाट होणारा बिछाना आणला, आणि २००० साली तोच बिझनेसमध्ये दिला. फर्स्टची खरी घसरण तिथून सुरू झाली, असं मला वाटतं. आडवं होता येणं आणि न येणं यातला फरक प्रचंड असतो. दोन बिछान्यांतला फरक मात्र समजावून सांगावा लागतो. त्यानंतर फर्स्टवाल्यांना एअरबसच्या दुमजली ए-३८०मध्ये शॉवर वगैरे द्यावे लागले (एमिरेट्स, २००८), तर २०१७ साली कतार एअरवेजने बिझनेसच्याच सीटला सरकतं दार बसवलं. आज कित्येक कंपन्यांनी फर्स्ट काढूनच टाकलाय.

सपाट म्हणजे पूर्ण सपाटच हवा, हे लक्षात असू द्या. मधल्या काळात तिरकस बिछान्याच्या सीटा आल्या होत्या, काही जुन्या विमानांत अजून भेटतात. त्यावर माणूस रात्रभर घसरगुंडीवर असल्यासारखा खाली सरकत राहतो. मी एकदा सकाळी गुडघे समोरच्या कडेला टेकलेले आणि शर्ट बगलेत गोळा झालेला अशा अवस्थेत उठलो होतो.

इथवर बिझनेसचीच बाजू वरचढ. आता त्याचं दुखणं, आणि खरं तर सगळा लेख त्यासाठीच लिहितोय.

हल्लीच्या बिझनेस केबिनमध्ये प्रत्येकाला थेट मधल्या वाटेत उतरता यावं म्हणून सीटा तिरक्या किंवा मागेपुढे लावतात. जागा काढायची युक्ती अशी की बिछाना उलगडला की तुमचे पाय पुढच्या माणसाच्या बाजूच्या टेबलाखाली शिरतात. तिथे त्यांच्यासाठी एक कोनाडा असतो. माहितीपत्रकात बिछाना साडेसहा फुटांचा लिहिलेला असतो, आणि तो खोटा नसतो. फक्त त्यातला शेवटचा दीड-पावणेदोन फूट म्हणजे हा कोनाडा: रुंदी दोन पावलं जेमतेम मावतील एवढी, आणि उंची इतकी कमी की उभं पाऊल वरच्या फळीला लागतं.

शवासनात झोपणाऱ्याला याचं काहीच वाटणार नाही. मी झोपतो कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, आणि रात्रीत दहा वेळा कूस बदलतो. घरी हे आपोआप होतं. कोनाड्यात त्याचा एक विधी होतो. आधी दोन्ही पाय बाहेर ओढायचे. ओढताना पांघरूण आत राहतं. मग वळायचं, तर गुडघा बाजूच्या भिंतीला लागतो. वळून झालं की पाय पुन्हा आत घालायचे, ते आत अडकलेल्या पांघरुणाच्या बोळ्यावर आदळतात. मग उठून बसून, हात खांद्यापर्यंत आत घालून तो बोळा काढायचा. एवढं होईपर्यंत झोप कुठली राहायला?

एका रात्री तर पायाला मुंग्या आल्या म्हणून मी झोपेतच तो झटक्याने बाहेर ओढला आणि नडगी कोनाड्याच्या कडेवर सणकून आपटली. आवाज एवढा मोठा झाला की पुढचे गृहस्थ उठून, फळीवरून वाकून माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या टेबलाच्या पोटातून कोणी लाथ मारावी तसं त्यांना वाटलं असणार. मी माफी मागितली. नडगी आठवडाभर हिरवी-निळी होती. तिकिटाचा आकडा आठवला की ती जास्त दुखायची.

यावर उपाय म्हणून मी माइल्स खर्चून फर्स्ट घेतला. हौस म्हणाल तर होतीच, पण कारण कोनाड्याचं.

कोनाडा नव्हता. तुम्ही कपडे बदलून येईपर्यंत कोणीतरी गादी अंथरून, चादर खोचून ठेवतं. पाय टाकाल तिथे पाय. कूस बदला, आडवे पडा, कोणी विचारत नाही. बिछान्यापुरतं बोलायचं तर फर्स्टला तोड नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण उड्डाण होतं साडेसात तासांचं. वर गेल्यावर पाऊण तासाने जेवणाची सुरुवात झाली आणि एकामागून एक गोष्टी येत राहिल्या. इतके माइल्स घातलेत, मग नको कसं म्हणायचं? तिथेच माणूस फसतो. ग्लास निम्मा झाला की कोणीतरी हजर. नाव घेऊन विचारणार, आणखी काही? मला असं कोणी अदबीने बाजूला उभं राहिलं की घास उतरत नाही, तो माझा स्वभावदोष. आडवा झालो तोवर अडीच तास गेले होते, आणि उतरण्याआधी दीड तास हलक्या हाताने उठवलं गेलं. झोप किती झाली? साडेतीन तास धरा. त्याच मार्गावर बिझनेसमध्ये, ‘जेवण नको, उठवू नका’ सांगून, कोनाड्याशी भांडत का होईना, मी पाच तास झोपलो होतो. फर्स्टमधलं सुख आणि झोप दोन्ही त्याच साडेसात तासांतून काढायचं असतं, हे तिकीट काढताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या वेळी शहाणा झालो, सगळ्याला नको म्हणून सरळ झोपलो. छान झोपलो. मात्र मग ज्यासाठी फर्स्ट असतो त्यातलं बिछान्याखेरीज काहीच वापरलं नाही.

त्यानंतर कधीतरी एका उड्डाणाला चेक-इनच्या वेळी मनासारखी सीट उरली नव्हती, म्हणून बिझनेसच्या अगदी पहिल्या रांगेत बसावं लागलं, जिथे समोर भिंत असते. रात्री बिछाना उलगडला आणि पाय पसरले, तर पाय कुठे लागेचनात. पुढे कोणाचं टेबलच नाही, तर कोनाडा अरुंद करायचं कारण काय? भिंतीपर्यंत अख्खी रुंदी मोकळी. तेच तिकीट, तेच भाडं, आणि बिछाना जवळजवळ फर्स्टचा. इतकी वर्षं मी ही रांग टाळत होतो, कारण तिथे पुढे बॅग ठेवायला जागा नसते आणि उड्डाणाच्या वेळी सगळं वर टाकावं लागतं.

सगळ्याच विमानांत असं असेल असं नाही, पण तिरक्या-मागेपुढे रचनेच्या बऱ्याच केबिनमध्ये मला हेच आढळलं. या रांगेला खोडीही आहेत. गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, जवळ असते. पडद्याच्या फटीतून उजेड येतो, ट्रॉल्यांचे खटके आणि क्रूच्या गप्पा ऐकू येतात. बाळाचा पाळणा अडकवायची जागाही बहुधा याच भिंतीवर, जास्त करून मधल्या सीटांसमोर. म्हणून खिडकीची बघावी. डोळ्यांवर पट्टी आणि कानांत बोळे घालून माझं भागतं. ज्याला खुट्ट झालं की जाग येते, त्याने तिसरी-चौथी रांग घेऊन कोनाडा सोसावा. आणि विमानच आयत्या वेळी बदललं तर हा सगळा अभ्यास पाण्यात, तेही दोनदा झालंय.

पैशांचं म्हणाल, तर मी ज्या मार्गांवर भाडी बघत आलोय तिथे बिझनेस इकॉनॉमीच्या तिपटी-चौपटीला असतो आणि फर्स्ट त्याच्याही वर दीड-दोनपट. बिझनेसच्या वाढीव पैशांत मला झोपेचे चार-पाच तास आणि दुसरा दिवस मिळतो. फर्स्टच्या वाढीव पैशांत काय मिळतं, ते माझ्या बाबतीत पहिल्या रांगेने जवळपास फुकट दिलं. तेरा-चौदा तासांचं उड्डाण असेल, जेवूनखाऊन वर झोपही होणार असेल, उंची सहा फुटांच्या पुढे असेल किंवा माइल्स मुदत संपून वाया जाणार असतील, तर फर्स्ट जरूर घ्यावा. त्या लोकांना मी हसणार नाही. आणि हाताशी एक दिवस मोकळा असेल तर इकॉनॉमीने आदल्या दिवशी पोचून हॉटेलात पाय पसरून झोपणं या तिन्हींना मात देतं, फक्त तो दिवस सहसा कोणाकडे नसतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा जातोय. जाताना रात्रीचं विमान आहे, बिझनेस, पहिल्या रांगेतली खिडकी घेतलीय. येताना दिवसाचं, इकॉनॉमी, वाटेकडची. गॅली नेमकी माझ्याच बाजूला आहे का, ते सीटच्या नकाशावरून काही कळत नाहीये.