गाडी की उपकेंद्र? सातपुड्यातल्या पाड्यांसाठी कशाला कौल द्यावा

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानुसार आरोग्याच्या पैशातला दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त वाटा प्राथमिक सेवेला मिळायला हवा. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात तो वाटा फिरत्या वैद्यकीय पथकावर लावावा की उपकेंद्र नीट करण्यावर, हे मात्र इथेच ठरवावं लागतं.

डोंगराळ आदिवासी भागात ३००० लोकांमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. पाडे एवढे विखुरलेले, की ३००० माणसं मोजेस्तोवर दोन-तीन दऱ्या ओलांडाव्या लागतात. म्हणून गाडी बरी वाटते. डॉक्टर दारात येतो, एका फेरीत तीन-चार पाडे होतात. नर्मदाकाठी रस्ताच नसलेल्या गावांना तर तरंगत्या दवाखान्याशिवाय गत नाही.

घोडं अडतं ते गोळ्यांपाशी. बीपीच्या रुग्णाला महिन्याच्या ३० गोळ्या मिळतात. घाटात दरड आली, गाडी बिघडली किंवा चालकाचा करार संपला, की फेरी चुकते आणि ३१ व्या दिवशी गोळी बंद. पुढच्या फेरीला डॉक्टर नवा, आणि जुनी नोंद कुठल्या रजिस्टरात आहे ते त्याला ठाऊक नसतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पोराचं रोजचं फॉलिक अॅसिडही असंच तुटतं. त्यात दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. ट्रक मंगळवारी निघतो, गाडी गुरुवारी येते. निघायच्या आदल्या दिवशी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून द्यायला गावात कोणीतरी बसलेलं लागतं.

उपकेंद्राचंही सगळं आलबेल नाही. आयुष्मान आरोग्य मंदिर नाव झालं, भिंती रंगल्या, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) नेमला गेला. पण क्वार्टरला पाणी नसेल तर तो तालुक्याहून ये-जा करतो आणि रात्री बाळंतीण आली तर दाराला कुलूप. पैसा आधी बोअर, टाकी, सौर दिवे आणि संडासावर लावावा. फ्रीज घेण्याची घाई नको. लस प्राथमिक आरोग्य केंद्रातच २ ते ८ अंशांत राहते, लसीकरण सत्राच्या दिवशी कॅरियरमधून, म्हणजे आइसपॅकच्या थंड डब्यातून येते. फक्त चारही आइसपॅक हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवावेत. थेट फ्रीजरमधून कोंबले तर पेंटाव्हॅलेंट लस गोठून वाया जाते.

जिथे जीप पोचतच नाही तिथला हिशोब कदाचित वेगळा निघेल. बाकी ठिकाणी पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) ५ टक्के अबंध निधी, म्हणजे कशावर लावायचा ते गावानेच ठरवायचा पैसा, हाताशी असेल, तर ग्रामसभेच्या ठरावात ‘आरोग्य सुविधा’ असं मोघम लिहू नये. ‘उपकेंद्राच्या निवासस्थानाला बोअर आणि टाकी’ असं लिहावं.