स्वस्तातला ऑल्टो सॅक्सोफोन आणि जॅझ पदवीची ऑडिशन: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

सोनेरी लॅकर, हाय एफ शार्पची की, कापडी बॅग, एक माउथपीस, एक रीड (माउथपीसवर बांधायची वेताची पातळ पट्टी), गळ्यातला पट्टा आणि कोणी कधीच न घालणारे पांढरे हातमोजे. पस्तीस हजारांच्या आतले चिनी बनावटीचे ऑल्टो साधारण याच सामानासह येतात, त्यामुळे त्याचं वर्णन पुन्हा करत नाही. माझा बत्तीस हजारांना ऑनलाइन घेतला. ब्रँड सांगत नाही, कारण असे सॅक्सोफोन बरेचदा एकाच कारखान्यातून निघून वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. मी लिहिलेलं यातल्या बऱ्याच जणांना लागू पडेल.

लिहायला बसले ती एका पॅडमुळे. जी शार्पचा पॅड. पॅड म्हणजे वाद्यावरची भोकं झाकणारी कातडी गादी. वीसहून जास्त पॅडच्या वाद्यात एकाच पॅडवर एवढं काय लिहायचं, असं वाटेल. पण ऑडिशनच्या तयारीत या एका पॅडने मला जेवढं छळलं, तेवढं ना बारा स्केल्सनी छळलं, ना कानाच्या परीक्षेने.

आधी तयारी कशाची ते सांगते. नेदरलँड्समध्ये ॲम्स्टरडॅम, हेग, रॉटरडॅम अशा शहरांतल्या कॉन्झर्व्हेटरींमध्ये, म्हणजे संगीत महाविद्यालयांत, जॅझची चार वर्षांची बॅचलर पदवी मिळते. त्यातल्या एका ठिकाणी मी अर्ज केला. आधी व्हिडिओ पाठवायचा, तो आवडला तर पुढची परीक्षा. त्यात वाजवणं, ऐकून ओळखणं, थिअरी आणि समोर ठेवलेलं नोटेशन त्याच क्षणी वाजवणं, असं सगळं. व्हिडिओसाठी मी एक ब्लूज, एक संथ बॅलड आणि एक जलद रिदम चेंजेस ('आय गॉट रिदम' या गाण्याच्या कॉर्डवर बेतलेली चाल) असं ठरवलं. व्हिडिओत कट चालत नाही. सुरू केलं की शेवटपर्यंत एका दमात.

ब्लूज एफमध्ये घेतला. जॅझवाले सगळ्यात जास्त ज्या सुरांत ब्लूज वाजवतात त्यातला हा एक, आणि कुठलाही बेसवाला, पियानोवाला तो झोपेतून उठून वाजवू शकतो. ऑल्टो ई फ्लॅटमधलं वाद्य असल्यामुळे पियानोचा एफ म्हणजे आपला डी; आपण डी वाजवला की ऐकू येतो तो एफ. ब्लूजचं चक्र बारा बारांचं, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं, आणि प्रत्येक बारला ठरलेली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर. आता बाराच्या बारा बार डोळ्यांसमोर आणा. पाचव्या बारला जी सेव्हन. सहाव्याला जी शार्प डिमिनिश्ड. सातव्याला परत डी सेव्हन. बेस जी वरून जी शार्प आणि तिथून ए असा अर्ध्या-अर्ध्या सुराने चढतो. एफ ब्लूजमधली माझी सगळ्यात आवडती जागा हीच. नुसत्या ब्लूज स्केलवर फिरणारा वादक इथून काही न कळल्यासारखा पुढे जातो. ज्याला कॉर्ड ऐकू येते, तो इथे जी शार्प लावतो. परीक्षक कान टवकारून बसलेले असतात ते अशाच जागी.

आणि माझा पॅड चिकटलेला.

ज्यांनी सॅक्सोफोन हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी: डाव्या हाताने जी धरायचा आणि करंगळीने एक पट्टी दाबायची की जी शार्प यायला हवा. पॅड चिकटला असेल तर पट्टी खाली जाते, खट्ट आवाजही होतो, पण सूर जी चा जी च राहतो. म्हणजे सहाव्या बारला मी अगदी मन लावून, ठासून वाजवला तो पाचव्या बारचा सूर. ऐकणाऱ्याला वाटणार, या मुलीला कॉर्ड बदलल्याचं कळलंच नाही. तुटका आवाज आला असता, चिरका आला असता, तरी लोक समजले असते की वाद्याचा दोष आहे. इथे दोष वाद्याचा आणि शंका माझ्या समजेवर. याचा मला जो संताप आला, तो अजून पूर्ण उतरलेला नाही. रिदम चेंजेसमध्ये तर ही वेळ दर दोन बारला येते: आपल्याला जी मेजर, मग ई सेव्हन, आणि ई सेव्हनचा तिसरा सूर कोणता? जी शार्प. तिसरा सूर गेला की ती कॉर्ड मेजर की मायनर हेच कळत नाही.

विक्रेत्याला कळवलं. वॉरंटी वर्षभराची आहे. उत्तर आलं की ओलाव्यामुळे झालेला त्रास वॉरंटीत बसत नाही. मी लिहिलं, हे फुंकून वाजवायचं वाद्य आहे, श्वासात ओलावा असणारच, मग हा बिघाड वापरातला नाही तर कशातला? त्यावर व्हिडिओ मागितला. पाठवला. मग फोटो मागितले. चिकटलेल्या पॅडचा फोटो कसा काढतात हे मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही. शेवटी पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन आलं. मला दुसरा सॅक्सोफोन घ्यायचा नव्हता. मला हाच धड हवा होता.

इथवरचं मत विचाराल तर: घेऊ नका. पावसाळ्याच्या मध्यावर मी एवढंच लिहिलं असतं आणि एक स्टार दिला असता.

मत बदललं ते भायखळ्याच्या बाजूला लग्नाच्या बँडची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांमुळे. माझ्या सरांनी पाठवलं. सर मूळचे गोव्याचे, जुन्या हॉटेल बँडमधल्या लोकांच्या हाताखाली शिकलेले. ते म्हणाले, "पॅड बदलू नको गो, आधी स्प्रिंग बघून घे." काकांनी वाद्य मांडीवर घेतलं आणि मला सगळ्यांत उपयोगाची गोष्ट शिकवली. सॅक्सोफोनच्या नेहमी बंद राहणाऱ्या बाकीच्या की, म्हणजे खालचा ई फ्लॅट, तळहाताच्या, बाजूच्या, या तुमच्या बोटाच्या जोराने उघडतात. जरा चिकटल्या तरी बोट त्यांना ओढून काढतं. जी शार्प तशी नाही. तिथे दोन स्प्रिंग एकमेकांच्या विरुद्ध बसवलेल्या असतात. करंगळीच्या पट्टीची जोरकस स्प्रिंग पॅडला दाबून ठेवते, आणि पॅडची स्वतःची नाजूक स्प्रिंग त्याला उघडू बघते. तुम्ही पट्टी दाबता तेव्हा पॅड उघडत नाही, फक्त त्याच्यावरचा दाब काढता. पुढचं काम त्या नाजूक स्प्रिंगचं. कातडी पॅड दमट झालेला, त्यावर लाळेतली साखर वाळलेली, कारखान्यात ती स्प्रिंग लुळी बसवलेली, आणि वरची पट्टी मात्र गरजेपेक्षा जास्त घट्ट. मग पॅड जागचा हलणार कसा?

काकांनी पॅडची स्प्रिंग काढून थोडी वाकवून ताकद वाढवली, पट्टीची थोडी सैल केली, पॅड आणि भोकाची कड पुसली. सहाशे रुपये. चहा त्यांनीच पाजला. मी तिथेच उभ्याने जी, जी शार्प, ए वाजवलं, पुन्हा वाजवलं, बेसच्या चालीने वाजवत राहिले. काका म्हणाले, "ताई, झालं, आता दुसरं काहीतरी वाजवा."

त्याच वेळी दुसरा उलगडा झाला. अगदी खालचे सूर माझ्याकडून घोगरे निघत होते, खालचा बी तर थरथरायचा. कारण पुन्हा हाच पॅड. उजव्या हाताच्या एफ शार्पच्या वर एका पट्टीवर दोन छोटे स्क्रू असतात. त्यातला एक, उजव्या हाताच्या की दाबल्यावर जी शार्पचा पॅड नीट दाबून ठेवण्यासाठी. तो ढिला होता, त्यामुळे पॅड केसभर उघडा राहून हवा गळत होती. जो पॅड हवा तेव्हा उघडत नव्हता, तोच नको तेव्हा गळत होता. पाव फेराही नाही, त्याच्याहून कमी फिरवला आणि खालचा बी फ्लॅट हळू फुंकरीत बोलू लागला. घड्याळजीकडचा छोटा स्क्रूड्रायव्हर आता बॅगेत कायम असतो.

बाकीचं थोडक्यात. सोबत आलेला माउथपीस वापरू नका. त्याऐवजी यामाहाचा ४सी घेतला, अडीच हजारांच्या आसपास पडला. या सगळ्या खर्चात मला मनापासून आनंद झाला तो याच खरेदीचा. आवाज एकदम एकत्र आला, वरच्या सुरांना धार आली, हळू वाजवताना सूर तुटायचा थांबला. बत्तीस हजारांच्या वाद्याने जे दिलं नाही ते या छोट्या काळ्या तुकड्याने दिलं. रीड अडीच नंबरच्या, दोन-तीन आळीपाळीने वापरायच्या आणि सपाट काचेवर वाळवायच्या. दमट दिवसांत त्या ओल्याच राहून टोकाला लाटेसारख्या वाकतात. सुरेलपणा: मधला डी चढा, उघडा सी शार्प उतरलेला. हे महागड्या ऑल्टोंवरही थोडंफार असतं, इथे जास्त आहे. ट्यूनरच्या काट्याकडे बघत बसण्यापेक्षा तंबोऱ्याचं ॲप एका सुरावर लावून लांब सूर भरा, ओठ आपोआप शिकतात. एसीच्या खोलीत वाद्य उतरतं, तेव्हा माउथपीस कॉर्कवर थोडा आत ढकलावा लागतो. नेकवर, म्हणजे माउथपीस बसतो त्या वरच्या वाकड्या नळीवर, पेन्सिलने दोन खुणा करून ठेवल्या आहेत, घरची आणि एसीची.

जॅझमधला थोर ऑल्टोवादक चार्ली पार्कर याचं उदाहरण मला या काळात खूप जणांनी दिलं. १९५३ च्या मे महिन्यात टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये तो प्लास्टिकचा ग्राफ्टन ऑल्टो घेऊन वाजवायला उभा राहिला, आणि ते रेकॉर्डिंग आजही लोक तोंडात बोट घालून ऐकतात. मीही ऐकते. पण त्यातून 'वाद्य कसंही चालतं' असा अर्थ काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की त्या प्लास्टिकच्या वाद्यातून त्याला हवा तो सूर हव्या त्या क्षणी निघत होता. स्वस्त असण्याला माझी हरकत नाही. माझ्या घरची परिस्थिती बघता स्वस्तच येणार होतं. दाबलेला सूर न येण्याला माझी हरकत आहे.

मुंबईत हे सगळं शिकता येतं याचा मला अभिमान आहे, तोही लिहून टाकते. १९३५ मध्ये अमेरिकन वादक लिऑन ॲबीचा बँड ताज हॉटेलमध्ये वाजवायला आला, तेव्हापासून तरी या शहरात जॅझ आहे. चिक चॉकलेट, ब्राझ गोन्साल्विस ही गोव्याची माणसं इथल्या मंचांवर वाजवत होती. १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला. आणि लग्नाच्या बँडमुळे पितळी वाद्यं हाताळणारे कारागीर अजून टिकून आहेत. ऑनलाइन विक्रेत्याला जे कळलं नाही ते त्यांना वाद्य हातात घेतल्याबरोबर कळतं. अशा माणसाचा पत्ता शोधा, वाद्य घ्यायच्या आधी शोधा.

व्हिडिओ पावसाळा सरल्यावर केला. त्या दिवशी सकाळपासून गोड काही खाल्लं नाही, वाजवायच्या आधी चूळ भरली, जी शार्पच्या पॅडखाली सिगारेटचा पातळ कागद घालून हलकेच दाबला आणि ओल टिपून घेतली. पावडर लावायचा सल्ला सगळे देतात. लावू नका, ती पॅडवर बसून थर करते. ब्लूजच्या दुसऱ्या कोरसमध्ये, म्हणजे बारा बारांच्या दुसऱ्या फेरीत, मी सहाव्या बारला मुद्दाम जी शार्पवर थांबले, पूर्ण दोन मात्रा, आणि मग ए वर गेले. आला. स्वच्छ आला.

आता पैशांचं. बत्तीस हजार वाद्य, अडीच हजार माउथपीस, सहाशे दुरुस्ती, रीड वेगळ्या. म्हणजे पस्तीसच्या वर. एवढ्यात सेकंड हँड जपानी ऑल्टो मिळत नाही, मी दादर ते मडगाव चौकशी केली आहे. चांगल्या स्थितीतला साधारण साठच्या पुढेच बोलतात. ज्यांच्याकडे तेवढे आहेत त्यांनी तोच घ्यावा, विकताना पैसे तरी परत येतील. नसतील तर हा घ्या, पण हजारभर रुपये दुरुस्तीसाठी पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा आणि तो थेट कारागिराकडे न्या. दुकानात बघून घेत असाल तर झगमगीत स्केल्स वाजवत बसू नका. जी, जी शार्प, ए. हळू, मग जोरात, मग वाद्य बाजूला ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा. त्यानंतर खालच्या बी वर एक लांब, हळू सूर. तो थरथरला तर दुकानदाराकडे ते दोन स्क्रू तपासून मागा. ज्याला ते कुठे असतात हे दाखवता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

विक्रेत्याला एक स्टार. वाद्याला आता साडेतीन. व्हिडिओची फेरी पार झाली आहे आणि पुढच्या परीक्षेलाही हाच घेऊन जाणार आहे. त्याआधी काकांनी जी शार्पला नवा पॅड बसवून द्यायचं कबूल केलंय, आणि त्याच बैठकीत नेकचा कॉर्कही बदलून घेणार, कारण तो आता माउथपीस घट्ट धरत नाही.